पायरीखालची जमीन

वाळू शुक्रवारी यायची ती शनिवारी सकाळी आली, आणि आल्त्येच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला तिच्या दारासमोर कमरेइतका ढीग पडून राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला त्याला वळसा घालून आत जावं लागत होतं.

तीनेके अ‍ॅमस्टरडॅमच्या बसमधून उतरून आली ती त्या ढिगाशीच थांबली. ढीग कुणाचा, हे तिला विचारावं लागलं नाही. वडिलांना, रिनुसना, जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत तिच्या धाकट्या भावाला वाळू एकदाही आठवली नव्हती. फेब्रुवारीत आई मागच्या दारात पडली, मनगट मोडलं, तेव्हा एवर्टला वाळू आठवली. वरातीमागून घोडं, असं मनाशी म्हणत ती आत शिरली.

बैठकीत खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. जेवणाच्या, बागेतल्या, दोन शेजारून आणलेल्या. तीनेकेनं रीतीप्रमाणे गोलातल्या प्रत्येकाचा हात हातात घेतला. भावाला म्हणाली, आईबद्दल अभिनंदन. भावजयीला, योसेटला, सासूबद्दल अभिनंदन. आपल्याच मुलीला, मेरेलला, आजीबद्दल अभिनंदन. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला शेजारणीबद्दल. सगळ्यांचं झाल्यावर आईच्या गालाला तीनदा गाल लावले आणि तिच्या कानाशी हळूच म्हणाली, "जेवण झालं की बोलू. सहापर्यंत कळवायचंय."

आल्त्येनं मान डोलावली आणि केक कापायला घेतला. मनगट अजून थोडं दुखत होतं, पण सुरी तिनं दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

काय कळवायचं ते गोलातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याविषयी कुणीच बोलत नव्हतं. अ‍ॅमस्टरडॅममधल्या ज्या गल्लीत आल्त्ये जन्मली, त्याच गल्लीत तळमजल्यावरचं एक घर तिच्या नावानं निघालं होतं. म्हाताऱ्या माणसांसाठी केलेलं, एकही पायरी नसलेलं. उत्तर आज संध्याकाळी सहाच्या आत द्यायचं. हो म्हटलं की अल्मेरेतलं हे घर सोडायचं. न कळवलं तर यादीतल्या पुढच्या माणसाला मिळायचं. आठवडाभर आल्त्येनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, शनिवारी सगळे येतील तेव्हा बघू.

*

स्वयंपाकघरात योसेट पोमचं भांडं भट्टीत सरकवत होती. सुरिनामहून या देशात येऊन तिला तीस वर्षं झाली, पण वाढदिवसाला एकेक केकचा तुकडा वाढून डब्याचं झाकण लावायचं हे तिला अजून जमलं नव्हतं. सासूच्या प्रत्येक वाढदिवसाला ती हे कोंबडी घातलेलं कंदाचं भांडं घेऊन यायची, आणि आधी नाकं मुरडणारे शेजारी आता चार वाजेपर्यंत रेंगाळून वास घ्यायचे.

तीनेके मागच्या दाराशी उभी राहून खाली बघत होती. उंबऱ्याखाली घराचा नागडा पाया वीतभर दिसत होता. घर खांबांवर उभं. खांब खालच्या घट्ट वाळूपर्यंत गेलेले, त्यामुळे घर जागचं हलत नाही. अंगणाला खांब नसतात. समुद्राच्या तळातून काढलेली ही जमीन पन्नास-साठ वर्षं झाली तरी अजून सुकतेच आहे, दर वर्षी बोटभर खाली बसते. ज्यानं त्यानं आपल्या अंगणातल्या फरश्या उचलाव्यात, खाली वाळू भरावी, फरश्या परत लावाव्यात. रिनुस गवंडी. एप्रिलचा पहिला शनिवार त्यांनी कधी चुकवला नाही. तीनेकेचा नवरा पहिल्यांदा भेटायला आला त्या वर्षीसुद्धा ते गुडघ्यावर बसूनच त्याच्याशी बोलले होते.

"आई पडली त्या दिवशी तुलाच सापडली ना?" तीनेकेनं विचारलं.

योसेट रोज सकाळी आठला कामावर जाता जाता सासूकडे डोकवायची. त्या दिवशी हाकेला ओ आली नाही. मागं येऊन बघते तर आल्त्ये धुण्याच्या टोपलीशेजारी उताणी पडलेली, पापण्यांवर दव. किती वेळ पडलात, असं विचारल्यावर म्हणाली होती, आभाळातून हंसांच्या तीन रांगा गेल्या. योसेटनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आज नणंदेला सांगितलं.

"माझी आई तिकडे परामारिबोत वारली तेव्हा मी इथं होते," योसेट म्हणाली. "शेजारणीनं डोळे मिटले तिचे. आता ही दुसरी आई. रोज दार उघडायच्या आधी मी काचेतून आत बघून घेते, तीनेके. आमचं नवं घर बांधून पुरं झालेलं असतं तर मी कुणाला विचारलंही नसतं, उचलून नेलं असतं. पण तिथं अजून जिनाही नाही."

"म्हणजे तू माझ्या बाजूनं आहेस."

योसेटनं हात पुसले. नवरा बैठकीत बसला होता आणि त्याला हे आवडणार नव्हतं. "आज हो," ती म्हणाली.

*

शेजारी चारला उठले. जाता जाता म्हाताऱ्यानं वाळूच्या ढिगाकडे बोट दाखवून एवर्टला विचारलं, "किनारा काढतोयस काय इथं?" एवर्ट हसला, आणि कोट काढून बाह्या सरसावू लागला. जेवायच्या आत निदान मागची पायरी तरी उचलून घेतो म्हणाला. आईनं आज स्वतःच्या अंगणात पाय ठेवून बघावा, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल, असा त्याचा हिशेब.

मेरेल खिडकीशी बसली होती. ती सव्वीस वर्षांची, आजीच्या गावापासून तीन कोसांवर राहणारी आणि पाणी-खात्यात नोकरी करणारी. ही जमीन कोरडी ठेवणारे पंप एक दिवस थांबले तर काय होईल, कुठल्या चरात किती पाणी आहे, कुठली जमीन किती बसली, हे तिच्या रोजच्या कामातलं. मामानं फावडं हातात घेतल्यावर ती उठून उभी राहिली. गप्प राहावं तर मामा अख्खा ढीग मागं नेऊन ओतणार. बोलावं तर आईच्या हातात कोलीत. आणि आजोबांचं काय?

"मामा, नको," ती म्हणाली. "ती वाळू नको घालूस."

"का? चांगली धुतलेली आहे."

"जड आहे."

एवर्टनं फावडं टेकवलं. "वाळू जड असणारच की गं. कापूस घालू?"

मग मेरेलला सांगावं लागलं. ती आवाज खाली ठेवून सांगत होती, जणू आजोबा शेजारच्या खोलीत झोपलेत. इथं वर चिकणमाती, खाली मऊ कुजकट थर. त्याच्यावर वाळू घातली की वाळूच्या वजनानं तो आणखी दबतो. दबला की आणखी वाळू. दर वर्षी एका अंगणावर जेवढी घालतात तेवढ्यानं ते अंगण उचललं जात नाही, दाबलं जातं. आमच्याकडे लोक आले की आम्ही आता हलका दगड घालायला सांगतो, ज्वालामुखीचा, भोकाभोकांचा, पाण्यावर तरंगेल इतका हलका. कोपऱ्यावरच्या घरानं जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी घातला तो. त्यांची पायरी अजून जागेवर आहे, जाऊन बघ.

एवर्टनं तिकडे बघितलं नाही. गेले तीन महिने तो मनाशी घोकत होता की मी तीन एप्रिल चुकवले म्हणून आई पडली. शहराच्या पूर्व टोकाला तो स्वतःचं घर बांधत होता. तिथं रस्तासुद्धा शेजाऱ्यांनी मिळून करायचा आणि निम्म्या जमिनीत खायचं पिकवायचं अशी अट. शनिवार-रविवार सगळे तिकडेच गेले. तो अपराध त्याला पेलत होता. भाचीनं आता तो काढून घेतला आणि त्याच्या जागी बापाची चूक ठेवली. ती त्याला पेलेना.

"चव्वेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "चव्वेचाळीस वर्षं ओढली त्यांनी वाळू. पाठ गेली त्यांची."

"तेच मी म्हणते," तीनेके दारातून म्हणाली. तिला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, पण शब्द तोंडातून सुटले ते थांबेनात. "अख्खा जन्म माणूस ओततोय आणि जमीन गिळतेय. ही जमीनच नव्हे. समुद्र आहे, वर चादर टाकलेला. बाबांची चूक नव्हती. इथं राहायला येणं हीच चूक. हे गावच एक चूक आहे."

 भट्टीची घंटा वाजली तरी योसेट हलली नाही.

योसेटला अ‍ॅमस्टरडॅममधली पहिली चार वर्षं आठवली. जिन्यावर, दुकानात, ट्रामच्या थांब्यावर रोज कुणीतरी विचारायचं, तू कुठली? मग ती इथं आली, एका सरळ रस्त्यावर, जिथली झाडं तिच्या खांद्याएवढी होती. शेजारीण पहिल्या दिवशी कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, मी दोन वर्षांपूर्वी आले, तू? इथं सगळेच आलेले. कुणाच्याच आज्यानं कुणाला आधी पाहिलेलं नाही. तिची दोन्ही मुलं इथल्या तळ्यात पोहायला शिकली. ती झाडं आता घरांच्या वर गेली आहेत, आणि सायकलीवरून शाळेत जाणाऱ्या पोराला घरापासून वर्गापर्यंत एकही मोटार आडवी येत नाही, इतकं कुणीतरी विचार करून मांडलेलं गाव.

"चूक असेल," ती सावकाश म्हणाली, "तर माझी मुलं त्या चुकीत जन्मली, तीनेके."

"तुला नव्हते मी म्हणत."

"मला माहीत आहे तू कुणाला म्हणत होतीस." आणि पोम काढायला आत जाताना ती नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली. स्वयंपाकघरातला करार तिथेच मोडला, हे तीनेकेला कळलं.

*

पाचला जेवायला बसले. आल्त्येनं हात जोडून डोळे मिटले, सगळ्यांनी माना खाली घातल्या, देवाला मानत नसलेल्या तीनेकेनंही. मग पोम आणि फरसबी. एवर्टनं दोनदा वाढून घेतलं आणि चव कळली नाही.

जेवण झाल्यावर या घरात पवित्र शास्त्रातला, बायबलमधला, एक अध्याय वाचल्याशिवाय कुणी उठायचं नाही. लग्न झाल्या दिवसापासूनचा नेम. अथपासून इतीपर्यंत वाचून झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून. आता सतरावी फेरी चालू होती, आणि पुढचा अध्याय जो असेल तो. दिवस बघून निवडायचा नाही. आजचा अध्याय नुसत्या नावांचा निघाला. कोण कुणाचा मुलगा, त्याला कोण झालं, त्याला कोण. आल्त्येनं चष्मा चढवून एकही नाव न गाळता वाचलं. अवघड नाव आलं की थांबायची, एकदा ओठातल्या ओठात म्हणून बघायची, मग नीट म्हणायची. साडेपाच वाजत आले. तीनेकेनं टेबलाखाली फोन बघितला. मेरेलला अस्थानी हसू आलं ते तिनं रुमालात लपवलं.

पुस्तक मिटून आल्त्ये थोडा वेळ गप्प राहिली. हाही नेमातलाच भाग. मग चष्मा काढून म्हणाली, "मेरेलनं जे सांगितलं ते आजोबांना ठाऊक होतं."

एवर्टनं मान वर केली.

"पंच्याऐंशी साल असेल. कोपऱ्यावरचे ते इंजिनिअर, देव त्यांचं भलं करो, कुंपणाशी येऊन समजावून गेले. रिनुस, म्हणाले, तू ओततोस तेवढी ती जाते. जर्मनीतून दगड येतो, हलका, एकदाच घाल आणि विसर. हे आत आले, हात धुतले. मी म्हटलं, मग? तर म्हणाले, जर्मनांनी आधी माझ्या बापाची सायकल परत द्यावी, मग त्यांचा दगड घेऊ."

मेरेलचं दाबलेलं हसू फुटलं. एवर्टही हसला, आणि मग त्याला डोळे पुसावे लागले. ती सायकल महायुद्धात जर्मन सैनिकांनी नेली होती. रिनुस तेव्हा पाळण्यात होते, पण आठवण मात्र त्यांनी बापाकडून वारशात घेतली होती.

"आई, म्हणजे बाबा एका सायकलीपायी—" तीनेके म्हणाली.

"सायकल लोकांना सांगायला गं. झोपताना मी पुन्हा विचारलं. म्हटलं, उपयोग नसेल तर थांबवा ना, पाठ दुखते तुमची. तर म्हणाले, मग एप्रिलमध्ये मी काय करू? मांजरासारखा खिडकीत बसू?" आल्त्येनं पुस्तकावर तळहात ठेवला. "मला पटलं ते. मी हे सोळा वेळा वाचलंय. शेवटी काय होतं ते मला माहीत नाही का?"

एवर्टचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले. बाप चुकला नव्हता; बापानं जाणूनबुजून ठरवलं होतं. या दोहोंतला फरक त्याच्यासाठी फार मोठा होता.

तीनेकेसाठी काहीच बदललं नव्हतं. वीस मिनिटं राहिली होती. तिनं फोन टेबलावर ठेवला.

"छान आहे हे सगळं," ती म्हणाली. "पण उद्या परत पडलीस तर? आई, मी तुझं नाव त्या यादीत कधी घातलं माहीत आहे? सोळा वर्षांपूर्वी. बाबा होते तेव्हा. दर जानेवारीत ते नव्यानं नोंदवावं लागतं, नाहीतर नाव जातं. सोळाही वर्षं जानेवारीत मी ते केलंय. कुणाला न सांगता."

मेरेलनं आईकडे बघितलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी आई दार लावून काहीतरी करत बसायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिला वाटायचं, कर भरत असेल.

"का गं?" आल्त्येनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.

 तीनेके बावन्न वर्षांची, तीनशे माणसांच्या कचेरीची प्रमुख, पण आता ओठ चावत होती. "आपण इथं आलो त्या हिवाळ्यात मी सहा वर्षांची होते. बाहेर वाळू, वारा आणि चिखल. रस्त्याला दिवे नाहीत. दुकान म्हणजे आठवड्यातून तीनदा येणारी गाडी. तू स्वयंपाकघरात तोंडाला फडकं लावून रडायचीस, बाबा कामावर गेले की. मी जिन्यात बसून ऐकायचे. रोज. एक दिवस मी ठरवलं की मोठी झाले की हिला परत नेईन."

 एवर्ट तेव्हा आईच्या पोटात होता. त्यानं हे कधी ऐकलंच नव्हतं.

"रडायचे मी," आल्त्ये म्हणाली. "खोटं कशाला बोलू. मला गल्ली हवी होती. माझी आई हवी होती. चर्चच्या घंटा हव्या होत्या. इथं रविवारी आम्ही चौदा जण शाळेच्या खोलीत, पोरांच्या छोट्या खुर्च्यांवर बसून भजन म्हणायचो, गुडघे कानाशी." ती थोडी हसली. "मला वाटायचं, देव जुन्या भूमीवरच राहिला. त्याला इकडची बस ठाऊक नाही."

"मग?"

"मग काय, मग मार्च आला. रस्त्याला झाडं लावायला माणसं आली. काठ्याच त्या. तुला आठवतं? एक तू धरलीस, माणसानं माती ओढली. मग पहिलं दुकान उघडलं, आम्ही रांग लावून बटाटे घेतले, जसं काही राणीच विकतेय. मग हा जन्मला," तिनं एवर्टकडे हनुवटी केली, "तर नर्स म्हणाली, या गावात आत्तापर्यंत झालेली मुलं मी बोटांवर मोजते. मग पहिलं माणूस गेलं, आणि पुरायला जागा करावी लागली, तीसुद्धा मी बघितली. कालवा भरताना मी काठाशी उभी होते. तीनेके, त्या गल्लीत सगळं मांडून झाल्यावर मी जन्मले. चारशे वर्षांचं घर, त्यात माझी खुर्ची कुठे तेही आधीच ठरलेलं. इथं मी आधी आले. बाकी सगळं माझ्या मागून आलं. दोन लाखांवर माणसं आली, मी दार उघडं ठेवून बघत राहिले. एवढं मोठं करून दाखवलं माणसांनी, समुद्राकडून मागून घेऊन, आणि मी त्यात पहिल्या ओळीत होते. मी कुठे जाऊ आता?"

योसेट खिडकीबाहेर बघत होती. संध्याकाळचं ऊन समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर होतं आणि खाली फरश्यांवर सावल्या हलत होत्या. ही झाडं काठ्या असताना बघितलेलं माणूस तिच्या समोर बसलेलं होतं. तिला वाटलं, हे आपण आपल्या मुलांना सांगायला हवं.

"मला कधीच सांगितलं नाहीस," तीनेके म्हणाली. तिचा आवाज सहा वर्षांचा झाला होता. "रडणं थांबलं ते. मला वाटलं तू माझ्यापासून लपवायला लागलीस."

आल्त्ये उठली. दुखऱ्या हातानं टेबलाचा आधार घेत ती लेकीच्या खुर्चीमागं गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. असं तिनं तीनेकेला शेवटचं कधी केलं होतं ते दोघींनाही आठवलं नसतं. या घरात माणसं एकमेकांना फारशी हात लावत नाहीत.

"ते माझं चुकलं," ती म्हणाली. "आता सांगते. थांबलं होतं. खरंच थांबलं होतं."

*

पावणेसहा झाले.

पहिली मेरेल बोलली, कारण कुणीतरी कामाचं बोलायला हवं होतं. मागच्या अंगणातली जुनी वाळू जमेल तेवढी काढायची, हलका दगड भरायचा, वर फरश्या. चार माणसं, दोन शनिवार. उंबऱ्याला कठडा बसवायचा. दारातली वाळू मामाच्या रस्त्याला जाईल; तिथले शेजारी महिनाभर वाळूच शोधताहेत. दगड जर्मनीचाच आहे पण, तिनं आजीला बजावलं.

"येऊ दे," आल्त्ये म्हणाली. "सायकलीचं मी वर गेले की ह्यांच्याशी बघून घेते."

एवर्ट म्हणाला, माझे दोन्ही शनिवार. योसेट म्हणाली, जेवण माझं, आणि सकाळी आठला मी येणारच, ते कुणी काढून घ्यायचं नाही. आल्त्ये तिला शंभराव्यांदा म्हणाली की मला 'तू' म्हण, आणि योसेट शंभराव्यांदा म्हणाली, "तुम्हाला 'तू' म्हणणं नाही जमणार मला."

सगळ्यांनी मग तीनेकेकडे बघितलं.

तिनं फोन उचलला. अंगठा दोनदा घसरला. नकार द्यायचा तर त्याला एक अर्ज भरावा लागत होता, आणि कारण सांगितल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता. तिनं पर्याय मोठ्यानं वाचले. घर लहान आहे. भाडं जास्त आहे. वस्ती पसंत नाही.

"वस्ती पसंत नाही, घाल," एवर्ट म्हणाला. "तुझी लाडकी गल्ली आहे, तिथल्यांना जरा कळू दे."

"गप रे." तिनं नाक पुसलं. "शेवटचा आहे, इतर कारण. त्यात लिहावं लागतं."

"मग लिही ना," आल्त्ये म्हणाली, आणि बशा गोळा करू लागली. लेक काय लिहिते ते बघायला ती थांबली नाही.

तीनेकेनं एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली. घड्याळात सहाला सात मिनिटं होती. तिनं मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं. आई पाठमोरी उभी होती, नळ चालू होता, आणि ती हलक्या आवाजात कुठलंसं भजन गुणगुणत होती, भांड्यांच्या आवाजात अर्धं बुडालेलं. तीनेके ऐकत राहिली. मग तिनं मान खाली घालून लिहिलं आणि पाठवून दिलं.

मेरेलनं खांद्यावरून वाकून वाचलं, पण आईला कळू दिलं नाही. चौकटीत एवढंच होतं: आई घरी पोचली आहे.